थरांमधला टाका

(प्रस्तावना)

ग्राफीनबद्दल मराठी वर्तमानपत्रांत काहीही छापून आले तरी त्यात एक वाक्य ठरलेले असते: पोलादापेक्षा दोनशे पट मजबूत. वाटूर फाट्यावरच्या एका सिमेंट-सळईच्या दुकानात मी हे वाक्य एकदा मोठ्याने वाचून दाखवले. बाहेर जालन्याहून आलेली गाडी खाली होत होती, सळईचे भारे दणदणत पडत होते. दुकानदाराने वहीतून मान वर न काढता विचारले, "मग सर, त्याची सळई कधी येणार? तोवर एवढा माल खपवून घेतो."

बसलेले चार जण हसले. मीही हसलो आणि चहा संपवून घरी आलो. रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला दुकानातल्या एका प्रश्नाला उत्तर देता येऊ नये, हे मात्र मनाला लागून राहिले. पदार्थ खरोखर इतका बळकट असेल, तर एवढ्या वर्षांत त्याची दोरी, पत्रा, सळई यातले काहीच बाजारात का आले नाही? पुढची प्रकरणे या एकाच प्रश्नाभोवती लिहिली आहेत. ग्राफीनचा सगळा संसार त्यांत नाही. सौर घट, बॅटऱ्या, औषधे यांना मी हातही लावलेला नाही. ग्राफीनच्या पातळ फिल्म आणि त्यांना धर यावा म्हणून त्यांत मिसळलेले पॉलिमर, एवढाच या पुस्तकाचा ऐवज आहे.

आधी पदार्थाची ओळख करून घेऊ. शिसपेन्सिलीतले शिसे म्हणजे शिसे नव्हेच, ते ग्रॅफाइट. कार्बनच्या अणूंची षटकोनी जाळी, आणि तशा जाळ्यांची एकावर एक रचलेली चळत. दोन जाळ्यांमधले अंतर ०.३३५ नॅनोमीटर, म्हणजे एक मिलिमीटर जाडीच्या ग्रॅफाइटमध्ये असे सुमारे तीस लाख पापुद्रे मावतात. त्यातला एक सुटा पापुद्रा म्हणजे ग्राफीन. २००४ साली मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कोन्स्तान्तिन नोव्होसेलोव्ह यांनी तो वेगळा केला, तोही घरातल्या चिकटपट्टीने. ग्रॅफाइटवर पट्टी चिकटवायची, उचलायची, दुमडायची, पुन्हा उचलायची. २०१० चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. ती चिकटपट्टी स्वतः पॉलिमरची असते. ग्राफीन जगात आले तेच पॉलिमरचा हात धरून, हे मला नेहमी गमतीचे वाटते.

दोनशे पटीचा आकडा आला २००८ च्या एका मोजणीतून. कोलंबिया विद्यापीठात चांगू ली, जेम्स होन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकॉनच्या पृष्ठावर मायक्रॉनभर रुंदीची बारीक भोके पाडली, त्यांवर ग्राफीनचा एकेक पापुद्रा ताणून बसवला आणि सूक्ष्मदर्शकाच्या टोकदार सुईने तो मधोमध दाबत नेला. तुटण्याच्या क्षणी ताण निघाला १३० गिगापास्कल. साध्या पोलादाचे सहा-सातशे मेगापास्कल धरून भागाकार केला की दोनशे येतात. आकडा खोटा नाही. पण तो एका मायक्रॉनच्या, जवळजवळ निर्दोष, एकुलत्या एक पापुद्र्याचा आहे. आपल्या केसाची जाडीसुद्धा त्या भोकाच्या कितीतरी पट असते. वर्तमानपत्रातले वाक्य एवढा तपशील गाळून पुढे जाते.

आता तेच पापुद्रे कोट्यवधींच्या संख्येने एकावर एक बसवून हातात धरता येईल असा कागद केला, तर त्याचे बळ किती राहील? २००७ साली अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात दिमित्री डिकिन, रॉडनी रुऑफ आणि सहकाऱ्यांनी ग्राफीन ऑक्साइडचा असा कागद करून ताणून पाहिला. तो साधारण १२० मेगापास्कलच्या आसपास तुटला. ऑक्साइडचा पापुद्रा शुद्ध ग्राफीनपेक्षा मुळातच कमी बळाचा, हे मान्य केले तरी १,३०,००० मेगापास्कलवरून १२० वर घसरण ही हजारपटीची आहे. हजारातले नऊशे नव्व्याण्णव भाग गेले कुठे?

याचे उत्तर मला पुस्तकाआधी घरातच सापडायला हवे होते. आमच्याकडे थंडीत अंगावर वाकळ असते. जुनी लुगडी, धोतरे, कशाकशाचे तुकडे एकावर एक अंथरायचे आणि कडेपासून आत आत धावदोऱ्याचे टाके घालत जायचे. टाके घालण्याआधी तेच थर हातात धरून ओढून पाहा. एकही धागा न तुटता सगळे थर एकमेकांवरून घसरून वेगळे होतात. लुगड्याचे बळ लुगड्यातच राहते, वाकळीला त्याचा उपयोग शून्य. टाका पडला की खालच्या थराला बसलेला हिसका दोरा वरच्या थराकडे पोचवतो, आणि सगळे थर मिळून ओढ सोसतात.

ग्राफीनच्या कागदात हेच घडते. पापुद्र्याच्या आत अणू अणूला घट्ट सहसंयुज बंधाने जखडलेला असतो. पापुद्र्या-पापुद्र्यांत मात्र फक्त व्हॅन डर वाल्सची क्षीण ओढ असते, आणि पेन्सिल कागदावर उमटते ती तिच्यामुळेच. शिवाय पापुद्रे लहान, काही मायक्रॉनचे. ते सुरकुततात, दुमडतात, मध्ये पोकळ्या राहतात. कागद ओढला की पापुद्रे तुटायच्या आधी घसरतात. म्हणजे फिल्मचे बळ ठरते थरांमधल्या फटीत. या पुस्तकाला काही म्हणायचे असेल तर ते एवढेच आहे, आणि त्यासाठी मी दोनेकशे पाने खर्ची घातली आहेत.

टाका किती आणि कसला, हे ओळखणे हीच या शास्त्रातली खरी कसोटी. वाकळीला टाके विरळ पडले तर ती दोन वर्षांत फुगते. फार दाट घातले तर ती तरटासारखी ताठ होते आणि अंगाशी लागत नाही. पॉलिमरचेही तसेच. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल घ्या. याच्या लांबलचक साखळीवर जागोजागी हायड्रॉक्सिल गट असतात. ग्राफीन ऑक्साइडच्या अंगावरच्या ऑक्सिजनशी ते हायड्रोजन बंध धरतात. एकेक बंध दुबळा, पण तो तुटला तरी शेजारी दुसरा जुळतो, आणि या तुटण्या-जुळण्यात ओढीची ऊर्जा जिरते. कायटोसॅन हे कोळंबीच्या आणि खेकड्याच्या कवचापासून मिळणारे पॉलिमर, त्याच्यावरचे अमिनो गट ऑक्साइडच्या आम्लगटांशी विद्युतभाराने बांधले जातात. पॉलिडोपामिनची कल्पना आली समुद्रातल्या खडकाला लाटांच्या माऱ्यातही चिकटून राहणाऱ्या मसल जातीच्या शिंपल्यांच्या चिकट धाग्यांवरून. प्रत्येकाचा टाका वेगळा. मात्र पॉलिमर वाजवीपेक्षा जास्त झाले की कागद ग्राफीनचा न राहता प्लास्टिकचा होतो, आणि बळ पुन्हा उतरते.

ज्वारीची भाकरी करणाऱ्या कुणालाही हे वेगळे सांगायला नको. ज्वारीच्या पिठात गव्हासारखे ग्लुटेन नसते. पीठ जुने झाले की थापताना कडा फाटतात. मग आई आधणाचे पाणी घालून पीठ मळायची. गरम पाण्याने स्टार्च फुगतो, त्याच्या साखळ्या मोकळ्या होतात आणि कणाकणाला धरून ठेवतात. स्टार्च हेही पॉलिमरच. आधण जास्त झाले की पिठाचा चिकटा होतो आणि भाकरी परातीतून उचलत नाही.

बळ आणि चिवटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या पुस्तकात तो फरक वारंवार येईल. शेततळ्याला अंथरलेला प्लास्टिकचा कागद पाहा. अखंड असताना त्यावर माणूस चालतो. एखाद्या खड्याने चीर पाडली आणि ताण बसला की ती चीर धावत सुटते. १९२१ साली इंग्लंडमध्ये ए. ए. ग्रिफिथ यांनी काचेवर हाच अभ्यास करून दाखवले की पदार्थ तुटतो तो त्याच्या सरासरी बळावर नाही, त्याच्यातल्या सर्वांत वाईट चिरेवर. २०१४ साली ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात जुन लोऊ यांच्या गटाने ग्राफीनमध्ये मुद्दाम चीर पाडून ते ताणले आणि ग्रिफिथचा नियम इथेही लागू पडताना दिसला. जगातला सर्वांत बळकट म्हणवणारा पदार्थ चीर पडल्यावर काचेच्या कुळातला निघाला. पोलाद असे वागत नाही. ते आधी वाकते, ताणते, सूचना देते. बांधकामात सळई वापरतात ती याच गुणासाठी.

चिवटपणा कसा आणायचा याचा धडा आमच्या दुधना नदीच्या वाळूत पडलेल्या शिंपल्यात आहे. शिंपल्याच्या आतला चमकणारा मोतिया थर वजनाने सुमारे ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट असतो, म्हणजे खडूच्याच जातीचा. उरलेले जेमतेम पाच टक्के प्रथिने आणि कायटिन, दोन्ही निसर्गातली पॉलिमर. अर्ध्या मायक्रॉन जाडीच्या चपट्या विटा आणि मधे या पॉलिमरचा अतिपातळ चुना. एवढ्या चिमूटभर चुन्याने तो थर नुसत्या खनिजापेक्षा हजारो पट जास्त ऊर्जा सोसतो, कारण चिरेला सरळ धावताच येत नाही. प्रत्येक विटेला वळसा घालावा लागतो आणि प्रत्येक वळणावर पॉलिमरच्या साखळ्या उलगडत, ताणत तिची वाट अडवतात. ग्राफीनच्या फिल्मवर काम करणारे जवळजवळ सगळे गट या शिंपल्याचे नाव घेतात. काही वेळा ते नाव निव्वळ शोभेसाठी असते, हेही सांगून टाकतो.

फिल्म करण्याची रीत दिसायला साधी आहे. ग्रॅफाइटचे ऑक्साइड १८५९ साली ऑक्सफर्डमध्ये बेंजामिन ब्रॉडी यांनी पहिल्यांदा केले, तेव्हा त्यांना ग्रॅफाइटचा 'अणुभार' शोधायचा होता. आज चालते ती मुख्यतः विल्यम हमर्स आणि रिचर्ड ऑफमन यांची १९५८ ची रीत: संहत गंधकाम्ल, सोडियम नायट्रेट, पोटॅशियम परमँगनेट. तयार झालेले ऑक्साइड पाण्यात सहज पसरते, रंग कोऱ्या चहासारखा. त्या पाण्यात पॉलिमर मिसळायचे, निर्वात पंप लावलेल्या गाळणीवर ओतायचे आणि थांबायचे. पाणी निथळते तसे पापुद्रे आपोआप आडवे होऊन एकावर एक बसतात. जाड फिल्मला एकदोन दिवसही लागतात. शेवटी गाळणीवरून तपकिरी-काळा कागद सोलून काढायचा. त्यातला ऑक्सिजन रासायनिक क्रियेने काढला की तो काळा चकचकीत होतो आणि त्यातून वीज वाहू लागते.

याच गाळणीची एक गोष्ट मला सर्वांत आवडते. ग्राफीन ऑक्साइड पाण्यात पसरते, तर त्याचा कागदही पाण्यात विरघळायला हवा. पापुद्र्यांवर ऋणभार असतो, पाणी आत शिरले की ते एकमेकांना ढकलणारच. तरीही अनेक प्रयोगशाळांमधले कागद पाण्यात शाबूत राहत. मीही एका प्रयोगशाळेतून मागून आणलेला तुकडा पाण्याच्या पेल्यात टाकून ठेवला होता. आठवड्यानंतर तो जसाच्या तसा होता. मग दुसरीकडून मिळालेला तुकडा टाकला, आणि सकाळी पेल्यात नुसता चहा. दोष माझ्या पेल्याचा किंवा माझा असेल असे मी धरून चाललो.

२०१५ साली नॉर्थवेस्टर्नमधल्या चे-निंग ये आणि जियाशिंग हुआंग यांच्या गटाने कोडे सोडवले. अनेक जण ज्या पांढऱ्या चकत्यांवर ऑक्साइड गाळत, त्या चकत्या अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या होत्या. ऑक्साइडचे पाणी आम्लधर्मी असते. ते चकतीला किंचित झिजवते, आणि तीन धनभारांचे अॅल्युमिनियम आयन कागदात शिरून पापुद्र्यांना शिवून टाकतात. टेफ्लॉनच्या गाळणीवर केलेला कागद मात्र पाण्यात उकलतो. म्हणजे कित्येक वर्षे लोक शुद्ध ग्राफीन ऑक्साइडचे बळ म्हणून जे मोजत होते, त्यात गाळणीने गुपचूप घातलेल्या टाक्याचाही वाटा होता. एका प्रयोगशाळेचा आकडा दुसऱ्या प्रयोगशाळेशी का जुळत नाही, याचे एक कारण इतके क्षुल्लक होते. या प्रकरणावर मी जरा जास्तच रेंगाळलो आहे. विज्ञानात चूक कशी सापडते हे विद्यार्थ्यांना दाखवायला याहून चांगले उदाहरण माझ्याकडे नाही.

टाक्यांची मजल आज कुठवर गेली आहे? बेजिंगच्या बेइहांग विद्यापीठातले छुनफेंग छंग आणि टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस शाखेतले रे बाउमन यांच्या गटांनी २०१८ मध्ये दोन वेगवेगळ्या जोडरेणूंनी एकापाठोपाठ शिवलेली फिल्म प्रसिद्ध केली. एक टाका लांब साखळीच्या सहसंयुज बंधाचा, दुसरा पापुद्र्याच्या अंगावर सपाट चिकटणाऱ्या रेणूचा. ताणबळ ९४५ मेगापास्कल, आणि सगळी क्रिया ४५ अंश सेल्सियसच्या आत. आमच्या परतूरच्या मे महिन्यातल्या दुपारी भट्टीशिवाय भागेल इतकी ही उष्णता. कार्बन तंतू करायला मात्र हजार अंशांच्या वर भट्टी लागते. खरे मोल याच गोष्टीत आहे. दुसरी बाजूही पाहू: ९४५ म्हणजे १३० गिगापास्कलचा शेकडा एक भागसुद्धा होत नाही. जालन्याच्या फे-५०० सळईचा ५०० हा आकडा ती वाकू लागण्याआधीच्या ताणाचा आहे, तुटण्याचा नाही, त्यामुळे दोन आकडे शेजारी ठेवून टाळ्या पिटणे बरोबर नाही. तरीही मायक्रॉनभर जाडीच्या, वजनाने हलक्या कार्बनच्या कागदाला एवढे बळ येते, ही गोष्ट छोटी नाही.

आणि प्रत्येक टाक्याची किंमत असते. बहुतेक पॉलिमर विजेचे दुर्वाहक आहेत. ते जितके जास्त, तितकी फिल्मची वाहकता कमी. विमानाच्या पंखावर वीज पडण्यापासून संरक्षण हवे की नुसते बळ, हे ठरवल्याशिवाय कृती ठरत नाही.

आमच्या शिवारात याच्या नेमका उलटा प्रकार रोज दिसतो. ठिबकची नळी काळी असते, कारण तिच्या पॉलिमरात दोन-अडीच टक्के काजळी घातलेली असते. ती नसती तर उन्हाने नळी दोन हंगामांत तडकली असती. तिथे पॉलिमरला कार्बन सांभाळतो, इथे कार्बनला पॉलिमर. सळईचेही नाव या विषयात खरोखरच आले आहे. राइस विद्यापीठातल्या जेम्स टूर यांच्या गटाने २०१४ मध्ये ग्राफीनच्या पापुद्र्यात कार्बनच्या सूक्ष्म नळ्या गुंफल्या आणि काँक्रीटमधल्या सळईवरूनच त्याला नाव दिले. भंगार वितळवून सळई ओढणाऱ्या जालन्याच्या कारखानदारांना ही नावाची बातमी कुणी कळवली असेल असे वाटत नाही.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध ओढूनताणून आणावा लागत नाही. पॉलिमरशास्त्र इथे जुने आहे: मुंबईची रासायनिक तंत्रज्ञान संस्था, जिला जुने लोक अजून यूडीसीटीच म्हणतात, ती १९३३ पासून; पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून. आणि ग्राफीनच्या इतिहासात कापराचे एक पान आहे. २००६ साली प्रकाश सोमाणी, सविता सोमाणी आणि जपानचे उमेनो यांनी कापूर तापवून त्याच्या वाफेतून निकेलच्या पत्र्यावर ग्राफीनचे थर चढवले. थर एक नव्हता, पस्तीसच्या आसपास होते. पण वायूतून धातूवर ग्राफीन वाढवण्याच्या सुरुवातीच्या प्रयत्नांत या कामाचे नाव घेतले जाते. ती रीत पुढे तांब्यावर आणि मिथेन वायूवर स्थिरावली. अशी एकपापुद्री फिल्म धातूवरून सोडवून दुसरीकडे न्यायची तर तिच्यावर आधी पॉलिमरचा थर चढवावा लागतो, नाहीतर ती उचलतानाच चिंध्या होते. आरतीच्या ताटातला कापूर कार्बनची षटकोनी जाळी देऊ शकतो, हे वर्गात सांगितले की मागच्या बाकावरचाही मान वर करतो.

२०१८ पासून मुंबईच्या त्याच संस्थेचे मराठवाडा उपकेंद्र जालन्यात आहे. वाटूरच्या मुलाला पॉलिमर शिकायला आता मुंबई गाठावी लागत नाही. हा विषय त्याच्यासाठी योग्य आहे असे मला वाटते, कारण गाळणी, पंप, ताणयंत्र आणि चिकाटी एवढ्यावर यातले बरेच काम होते. कोट्यवधींची यंत्रे नंतर लागतात.

शब्दांबद्दल थोडे. 'पॉलिमर'ला परिभाषेत बहुवारिक हा शब्द आहे. मी तो दोन प्रकरणे वापरला आणि मग सोडून दिला. ठिबकवाला, पाइपवाला, विद्यार्थी, सगळेच पॉलिमर म्हणतात. थराला मात्र 'पापुद्रा' ठेवला आहे. भाकरीचा पापुद्रा ज्याने बोटाने उचलला आहे, त्याला ग्राफीन निम्मे कळलेले असते.

दुकानदाराला मी अखेर उत्तर दिले, दोन वर्षांनी. ग्राफीनची सळई येणार नाही. घराच्या स्लॅबला जालन्याचीच सळई घाला. पातळ, हलके आणि वीज वाहणारे काही हवे असेल तिथे या फिल्म येतील, आणि त्यांचे बळ किती हे त्यांच्या टाक्यावरून विचारा. तो म्हणाला, "म्हणजे आमचा माल चालू राहतो." हो.

वाचकांना एकच विनंती आहे. चौथ्या प्रकरणातली ऑक्साइड करण्याची कृती समजून घेण्यासाठी दिली आहे, घरी करण्यासाठी नाही. संहत गंधकाम्लात परमँगनेट पडले की मँगनीजचे जे ऑक्साइड होते ते थोडे तापले तरी त्याचा स्फोट होतो. शाळेच्या प्रयोगशाळेतही ती करू नये. पेन्सिल, चिकटपट्टी आणि भिंग घेऊन पहिल्या प्रकरणातला प्रयोग करावा, तो कुणालाही करता येतो.

वाटूर, ता. परतूर, जि. जालना